दम ऐकू येत नाही

तेजलच्या पायांना कुणी नावं ठेवली नसती. जोगेश्वरीच्या मैदानात ती मध्यरेषा ओलांडून आत शिरली की समोरच्या सात जणींना कळायचं नाही ही आता उजवीकडे जाणार की डावीकडे, आणि कळेपर्यंत ही कुणाच्या तरी गुडघ्याला हात लावून परत आपल्या अंगणात. भानगड पायात नव्हतीच. भानगड गळ्यात होती.

तिचा आवाज जाड होता. सर्दी झाल्यासारखा घोगरा नाही, सरळ जाड, बाप्यासारखा. तेरावं लागलं आणि सहा महिन्यांत आवाज जो खाली उतरला तो उतरलाच. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाल्या, घसा एकदम ओके आहे, आवाजच असा आहे हिचा. आईला हायसं वाटलं. तेजलला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

कुरियरवाले फोनवर म्हणायचे, "हां भैया, लोकेशन भेजो." ती फोन कापायची आणि मेसेज टाकायची. गल्लीत बोलायची वेळ आलीच तर दात आवळून, हळू आवाजात बोलायची. त्याचा झाला उलटाच परिणाम. लोकांना वाटायचं ही दम देतेय. एकदा तिने समोरच्या विकीला नुसतं सांगितलं की बाईक जरा बाजूला घे, तर त्याने बाईक थेट नाक्यावर नेऊन लावली आणि दोन दिवस तिकडेच ठेवली.

नववीत असताना मराठीच्या बाईंनी कविता वाचायला उभं केलं. दोन ओळी झाल्या असतील, मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, जरा हळू." सगळा वर्ग हसत सुटला. तेजलने कंपासपेटी उचलली आणि फेकली. पोराला लागली नाही, भिंतीवरच्या घड्याळाला लागली. घड्याळ बंद पडलं आणि तेजलची शाळापण.

आता कबड्डीत गंमत अशी आहे की नुसतं पळून चालत नाही. चढाईला गेलेल्या पोरीने पूर्ण वेळ "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, त्याला दम घुमवणं म्हणतात. आणि तो दम पंचाला स्वच्छ ऐकू आला पाहिजे. नाही आला तर शिट्टी, चढाई फुकट, वर समोरच्यांना एक गुण बक्षीस. गर्दीसमोर आवाज काढायचा म्हटलं की तेजलचा गळा आतून कुणीतरी धरायचं. ओठ हलायचे, आवाज पोटात राहायचा. मुलुंडच्या सामन्यात तीन वेळा शिट्टी वाजली. तिन्ही वेळा पंच एकच वाक्य बोलले, "दम ऐकू येत नाही." तेजलचं मंडळ दोन गुणांनी हरलं. हिशोब सोपा होता, सगळ्यांनी मनातल्या मनात केला, तोंडाने कुणी बोललं नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयाताईने तिला मैदानात थांबवून घेतलं.

जयाताई म्हणजे मुलींच्या टीमची कोच. चाळिशीची, ठेंगणी, चालताना अजून पाय असे टाकते की वाटतं आत्ता कुणाला तरी पकडेल. एके काळी मुंबई उपनगर जिल्ह्याकडून खेळलेली. एका पकडीत समोरचीचा गुडघा कानावर बसला आणि डावा कान जवळजवळ गेला. आता सकाळ-दुपार शाळेच्या बसवर पोरं सांभाळते, संध्याकाळी ह्या पोरी.

"मुलुंडला किती पॉइंट दान केलेस?" तिने विचारलं.

"तीन."

"तोंडाने बोललीस, बरं झालं. चेतनाचा गुडघा बघितलास?"

चेतना म्हणजे कॅप्टन आणि टीमची दुसरी रेडर, चढाईला जाणारी. तिचा गुडघा पपईएवढा झाला होता.

"डॉक्टरने दोन महिने बस म्हणून सांगितलंय तिला," जयाताई म्हणाली. "तीन आठवड्यांनी कांजूरला सामने आहेत. रेडर उरली एकच. तुझा दम आला तर टीम उतरवते, नाही तर नाव काढून घेते. आणि मग तू कॉर्नरला जायचं. कायमचं. कॉर्नरला दम लागत नाही."

तेजल पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. कॉर्नर म्हणजे उभं राहून वाट बघायची, कुणी येतंय का, कधी येतंय. ते तिच्याच्याने होणारं नव्हतं. दिवसभर तिला फक्त एकाच जागी आपण कोण आहोत ते विसरायला व्हायचं, समोरच्यांच्या अंगणात, तीस सेकंद. ते गेलं की मग राहिलं काय?

"करते," ती म्हणाली.

"काय?"

"करते म्हटलं."

"डाव्या बाजूने बोलतेयस. ऐकू नाही आलं."

मग सुरू झाला तो प्रकार. जयाताई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, आडवी, डावा कान तेजलकडे करून, वर हाताचा पंजा कानामागे. "ह्या कानाला ऐकू आला की पंचाला येणारच. चल, घुमव."

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

"नाही."

"कबड्डी कबड्डी..."

"कुणी बोलतंय का तिकडे?"

बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती. तेजलचं लक्ष सगळं त्यांच्यावर. कोण बघतंय, कोण कुणाच्या कानात बोलतंय, कुणाचा ओठ वाकडा झाला. अकरा वेळा तिने दम घेतला आणि अकरा वेळा ताईने मान हलवली. बाराव्या वेळी तिचं डोकं सटकलं.

"तू बहिरी आहेस तर मी काय करू?"

मैदानावरून तो आवाज गेला, पलीकडच्या भिंतीला लागला आणि परत आला. क्रिकेटवाल्यांचा बोलर रनअपमध्ये थांबला. बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. तेजलने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

जयाताई शांतपणे चालत जवळ आली. "हा आला," ती म्हणाली.

"सॉरी ताई."

"सॉरी कशाला, बहिरी आहेच मी. पण बघितलंस ना, माल आहे आत. प्रॉब्लेम असा की तुझा बाहेर येतो फक्त रागात. आणि राग तीस सेकंद पुरत नाही. पाचव्या सेकंदाला संपतो आणि मग दम लागतो. तू गल्लीत लोकांना दम देतेस, मैदानात तुला दम लागतो, आणि ज्याचे पैकी आहेत तो दम तू घुमवतच नाहीस."

"पैकी?"

"मार्क गं. शाळा सोडलीस म्हणून पैकीपण विसरलीस काय?"

तेजलला हसू आलं. तिने ते दाबलं, पण ताईने बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरी जमिनीवर आडवं पडायचं, पोटावर पाण्याची भरलेली बाटली ठेवायची, आणि ती वर-खाली झाली पाहिजे असा श्वास घ्यायचा. छाती हलली तर पहिल्यापासून. आई हॉस्पिटलातली ड्युटी करून आली तर पोरगी स्वयंपाकघरात उताणी, पोटावर बाटली, आणि तोंडाने कबड्डी कबड्डी.

आई चप्पल काढता काढता थांबली. "सेम आवाज," ती म्हणाली.

"कुणाचा? सहदेव आजोबांचा ना? माहितीये. ते गायनपार्टीत होते, माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. शंभर वेळा सांगून झालंय. ते पुरुष होते, आई."

"त्यांचा कुठे? आजीचा. आजोबा पुढे गायचे, आजी मागे कोरस धरायची. लोक विचारायचे, सहदेवच्या मागे तो दुसरा बाप्या कोण रे. आजोबांना राग यायचा. आजी मात्र अजून वरची पट्टी लावायची."

तेजल उठून बसली. बाटली गडगडत मोरीत गेली. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू तर बोलतच नाहीस," आई म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

पण चार भिंतींत बाटली ठेवून घुमवणं वेगळं आणि लोकांसमोर वेगळं. ते जयाताईलाही माहीत होतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी ती म्हणाली, "सोमवारपासून सकाळी माझ्याबरोबर बसवर यायचंस."

"शाळेच्या बसवर? मी?"

"शाळेत नको जाऊस. गेटपर्यंतच ये."

तर सोमवारी सकाळी साडेसहाला, शाळेकडे पाठ फिरवून तीन वर्षं झालेली पोरगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये दारापाशी उभी. ड्रायव्हर मिथुन, तोंडात बडीशेप, तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "ॲडमिशन घेतलं काय?" तेजलने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बुधवारपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.

काम एकच होतं. बिल्डिंगखाली बस थांबली की पोराच्या नावाने हाक मारायची. ताई सांगायची त्या पोराला. हॉर्न नाही, वॉचमनचा इंटरकॉम नाही. सोमवारी तेजलने यज्ञेश नावाच्या पहिलीतल्या पोराला अशी हाक मारली की तिच्या शेजारच्या मांजरीनेही मान वर केली नाही. बस आठ मिनिटं उशिरा. मंगळवारी सहा मिनिटं. मिथुन स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागला. बुधवारी पावणेसातला त्याच बिल्डिंगखाली बस थांबली, ताई खिडकीतून बाहेर बघत बसली जशी काय ती प्रवासी आहे. तेजलने पोटात श्वास घेतला, बाटली आठवली, आणि सोडला.

"यज्ञेश."

कबुतरं उडाली. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली, चौथ्याचीही उघडली, आणि दीड मिनिटात यज्ञेश एका पायात बूट, एक हातात, असा धावत खाली.

"ड्रायव्हरकाकांनी बोलावलं?" त्याने धापा टाकत विचारलं.

तेजलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी बोलावलं."

पोराने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "परत बोल."

"काय?"

"माझं नाव. परत बोल ना."

"यज्ञेश," ती म्हणाली.

त्याच्या अंगावरून शहारा गेला, आनंदाने. "माझं पण घे," मागून एक पोरगी ओरडली. "ताई, माझं. पूर्ण नाव घे, आडनावासकट." शाळेच्या गेटपर्यंत तिने सतरा नावं घेतली. माणूस कशाला हसतंय हे तेजलला चेहरा बघून लगेच कळायचं, त्या बाबतीत तिची नजर कधी चुकली नाही. ती पूर्ण वेळ शोधत होती ते हसणं, ते मागच्या बाकावरचं. सापडलं नाही. ही पोरं हत्ती बघायला मिळाल्यासारखी खूश होती.

मिथुन आरशातून म्हणाला, "बस टायमात आहे आज. ह्याच आवाजात रोज बोल, हॉर्नची वायर काढून टाकतो."

त्यानंतर गाडी सुटली. संध्याकाळी मैदानात डाव्या कानाने मान हलवायचं बंद केलं. मग ताईने तिला लिंक रोडच्या फुटपाथवर उभं केलं, डंपर जाताना दम घुमवायला लावला. रिक्षावाले वळून बघायचे. पहिल्या दिवशी तिने डोकी मोजली, कोण कोण बघतंय. चौथ्या दिवशी मोजायचं विसरली. चेतना गुडघ्याला पट्टा बांधून कठड्यावर बसायची आणि मोबाईलवर सेकंद मोजायची. "अठ्ठावीस... एकोणतीस... तीस. आयला तेजल, तू श्वास कुठून घेतेस, टाकीतून?"

कांजूरचा रविवार उजाडला. मिथुनने मालकाला विचारून बस काढली, पोरी गाणी म्हणत पवईवरून कांजूरला उतरल्या. मैदान चकाचक होतं, दोरी, चुना, खुर्च्या, माईक, सगळं. फक्त वारा फिरला की शेजारच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा वास यायचा.

"पोटभर श्वास घ्यायचा," जयाताई वॉर्मअपला म्हणाली.

"इथे?" चेतनाने नाक धरलं.

"इथेच. समोरच्यांना सवय आहे, आपल्याला नाही. म्हणून आपण दुप्पट घ्यायचा."

समोर तिथलंच मंडळ होतं. गर्दी सगळी त्यांची. पाच-सहा पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसलेली, पाय हलवत. त्यांचे कोच चंद्रप्रकाश सर, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, जी वाजवायचा त्यांना काही अधिकार नव्हता तरी.

नाणेफेक झाली. पहिली चढाई तेजलची.

ती मध्यरेषेवर वाकली, मातीला हात लावला, आत शिरली. पाय बरोबर चालले. आणि गर्दीतून कुणीतरी, कुणाला तरी, कशावरून तरी हसलं. बस्स. गळा धरला गेला. ओठ हलत राहिले. चौथ्या सेकंदाला शिट्टी.

"दम ऐकू येत नाही," पंच म्हणाले. समोरच्यांना एक गुण.

तेजल परत आली. कानात सगळं सूं करत होतं. मुलुंड, नववीचा वर्ग, फोनमधलं भैया, सगळे एकदम येऊन उभे राहिले. तिने बाकड्याकडे बघितलं. तिला वाटलं ताई ओरडेल. ताई ओरडली नाही. ती बाकड्यावरून उठली, रेषेबाहेर आडवी उभी राहिली, डावा कान मैदानाकडे केला आणि त्यामागे हाताचा पंजा धरला. तिच्या तोंडावर तोच तो भाव, कुणी बोलतंय का तिकडे.

दुसरी चढाई. तेजलने तो डम्पिंगचा श्वास पोटात भरला आणि सोडला.

"कबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डी..."

माईकवाला "पुढील सामन्यासाठी संघांनी..." म्हणता म्हणता थांबला. समोरची डावी कॉर्नर एक क्षण पाय हलवायची विसरली, आणि तेजलचा चवडा तिच्या पोटरीला लागला. तेजल परत आली तेव्हा पंचांचा हात वर होता. एक गुण.

बाकड्यावर चेतना एका पायावर नाचत होती.

तेवढ्यात चंद्रप्रकाश सर टेबलाकडे निघाले. चालत नाही, मिरवत. "ऑब्जेक्शन," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मुलींचा सामना आहे ना हा? मग ही मुलगीच आहे याची खात्री केली का कुणी? आवाज ऐकलात? आधार कार्ड बघा."

गर्दीत हशा पिकला. ह्या वेळी खरा, तोच, मागच्या बाकावरचा. भिंतीवरची पोरं आवाज जाड करून "कबड्डी कबड्डी" करायला लागली.

तेजलच्या मुठी वळल्या. तिच्या पायाशी पाण्याची बाटली होती, पूर्ण भरलेली, आणि पांढरी टोपी फार लांब नव्हती. तिची नजर बाटलीवर गेली, टोपीवर गेली, मधलं अंतर मोजून झालं. जयाताईने ती बाटली उचलली, झाकण काढलं आणि तिच्या हातात दिली.

"पी."

"ताई, त्याला मी..."

"पी आधी. कार्ड बघू दे त्यांना. तुझा फोटो काय चांगला आलाय त्यात, बघू दे. तेवढ्यात तू श्वास घे. फुकटचा टाइमआउट मिळालाय आपल्याला."

"सगळे हसतायत."

"मग काय, हसू दे. मागच्या वेळी घड्याळ फोडलंस आणि घरी बसलीस. आज बाटली फेकलीस तर लाल कार्ड, परत घरी. त्या माणसाला तेच पाहिजे. तुझे पाय त्याच्याच्याने थांबत नाहीत, म्हणून तो तुझा गळा धरतोय."

तेजलने घोट घेतला. टेबलावरच्या माणसाने कार्ड बघितलं, यादी बघितली, परत कार्ड बघितलं आणि हात हलवला. सगळं ठीक. पंचांनी चंद्रप्रकाश सरांना हिरवं कार्ड दाखवून ताकीद दिली, सर टोपी नीट करत जागेवर गेले.

आणि मग तेजल सुटली.

तिसरी, चौथी, सहावी चढाई. प्रत्येक वेळी दम मागच्यापेक्षा मोठा. तिच्या लक्षात आलं की ह्या आवाजाचा एक फायदा पण आहे, समोरच्या पोरी एकमेकींना ओरडून काय सांगतात ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत नाही. हात धरून उभी साखळी तुटते, कॉर्नरच्या आतली कव्हर पुढे येते तर कॉर्नर मागे राहते. ती तिथूनच शिरायची. दोन वेळा पकडली पण गेली, माती खाल्ली, उठली. तेही मंडळ काय कच्चं नव्हतं. मध्यंतराला ते तीन गुणांनी पुढे. दुसऱ्या डावात कधी हे पुढे, कधी ते. जयाताई पूर्ण वेळ रेषेबाहेर आडवीच उभी. एकदाही तिने कानामागचा हात काढला नाही, मानेला उसण भरली असेल.

शेवटचं अर्धं मिनिट. तेवीस-चोवीस, एक गुण मागे. आणि चढाई तेजलची, तीसुद्धा तिसरी, म्हणजे मागच्या दोन रिकाम्या गेलेल्या, आता गुण नाही आणला तर ही बाद आणि सामनाही गेला.

"कॉर्नरला ठेवायला हवं होतं का मला?" तेजलने जाता जाता विचारलं.

"काय?" जयाताई म्हणाली. "डाव्या बाजूला आहेस."

तेजल हसत हसतच आत शिरली.

"कबड्डीकबड्डीकबड्डी..."

समोर पाच जणी. डावीकडे गेली, साखळी वळली. उजवीकडे फिरली, साखळी परत वळली. दहा सेकंद. भिंतीवरची पोरं अजून जाड आवाजात तिच्यासारखंच घुमवत होती, पण तेजलने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि तिला दिसलं, ती पोरं चिडवत नव्हती. ती तिच्याबरोबर श्वास धरून होती. एकाचं तोंड लाल झालं होतं. पंधरा सेकंद. उजव्या कव्हरने अर्धं पाऊल जास्त टाकलं. तेजलचा हात तिच्या खांद्याला लागला, आणि वळताना पाय मागे गेला तो कॉर्नरच्या मांडीला. दोन.

पण कॉर्नरने तो पाय सोडला नाही. घोट्याला मिठी बसली. तेजल तोंडावर आपटली. वरून अजून दोघी. मध्यरेषा हातापासून वीतभर लांब.

"कबड्डीकबड्डीकबड्डी..."

तोंडात माती, पाठीवर दोघी, आणि दम चालूच. आता दम तुटला तर सगळं गेलं. पंच गुडघ्यावर बसले आणि कान तिच्या तोंडाजवळ आणला. गरज नव्हती त्याची. भिंतीपलीकडच्या रिक्षा स्टँडला ऐकू जात होतं. छातीतली हवा संपली. पोटातली काढली. पोटातलीही संपली, तेव्हा कुठून काढली ते तिला अजून माहीत नाही. कोपर मातीत रोवून तिने एक बोट पुढे सरकवलं. मग दुसरं. चुना बोटाला लागला.

शिट्टी. पंचांनी दोन बोटं वर केली.

पंचवीस-चोवीस. पाच सेकंदांनी लांब शिट्टी झाली आणि पोरी तिच्या अंगावर पडल्या, तेव्हा पाठीवर आधीच्या दोघी अजून पुरत्या उठल्यापण नव्हत्या. चेतना लंगडत आली आणि सगळ्यांच्या वरून पडली. गर्दी टाळ्या वाजवत होती, त्यांचंच मंडळ हरलं होतं तरी. घोट्याला मिठी मारणारी कॉर्नर उठून तिच्याजवळ आली. "काय आवाज आहे यार तुझा," ती म्हणाली. "आमचे सर एक नंबरचे ते हे आहेत, मनावर घेऊ नको."

पंच जाता जाता थांबले. मुलुंडला हेच होते. त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. "ऐकू आला," ते म्हणाले. "आठवडाभर येत राहील."

तेजलने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हवा आली. परत उघडलं. परत हवा.

"बोल ना," चेतना म्हणाली.

तेजलने घशावर हात ठेवला. आवाज गेला होता. पूर्ण. जो आवाज जावा म्हणून तिने चार वर्षं मनात काय काय मागितलं होतं, तो आज, ह्याच दिवशी, सगळं जग तिच्याशी बोलायला आलेलं असताना गेला. सगळ्या पोरी हसायला लागल्या, तीही हसली, आणि तिच्या हसण्याचाही आवाज येईना म्हणून अजून हसल्या.

"काही झालं नाही," जयाताई म्हणाली. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, दोन दिवस गप्प बस. उद्या बसवर मी हाका मारते. पण मंगळवारी ये हं नक्की, नाही तर यज्ञेश खाली उतरणार नाही."

तेजलने मान हलवली आणि उजव्या बाजूला जाऊन काहीतरी कुजबुजली. ताईने ते ऐकलं. काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही, पण मानेला उसण भरलेली असूनही पूर्ण रस्ताभर ती ताठ बसली होती.

बस पवईच्या उताराला लागली तेव्हा तेजलचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आईने मागवलेली कुकरची रिंग असणार. एरवी तिने कापला असता. आज तिने उचलला.

"हॅलो," ती कुजबुजली, कारण तेवढंच येत होतं.

"हां मॅडम," पलीकडून आवाज आला. "कुरियर से बोल रहा हूं. घर पे कोई है?"

"आई आहे."

"ओके मॅडम, थँक्यू मॅडम."

तेजलने फोन कापला. मग तिने चेतनाला कोपराने ढोसलं.

"मॅडम म्हणतो मला," ती कुजबुजली.

"मग बरंय की. हेच तर पाहिजे होतं तुला."

"बरं काय त्यात? मी आहे का तशी?" तेजलला खरंच राग आला होता. तिने तो नंबर सेव्ह केला, नाव टाकलं रिंगवाला. "दोन दिवस थांब. आवाज येऊ दे. पहिला फोन ह्यालाच लावते."